भोंग्यावरचं नाव

सकाळी सात वाजता ग्रामपंचायतीच्या भोंग्यानं मेलेल्या बाईचं नाव पुकारलं. चिचटोल्यात ज्याच्या हातात चहाचा कप होता, त्याचा कप हातातच राहिला.

"हॅलो, हॅलो. समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, सौ. भूमेश्वरी जीवनलाल पटले, राहणार चिचटोला, यांच्या मालकीची गाय आज पहाटे नंदलाल बोपचे यांच्या पऱ्ह्यात चरताना सापडली. सदर गाय कोंडवाड्यात जमा आहे. मालकाने स्वतः येऊन, दंड भरून, आपले जनावर घेऊन जावे. हॅलो."

आता ह्या उमरावला काय म्हणावं! पंचायतीचा शिपाई, वीस वर्षं नोकरी झाली, आणि वाचताना वेलांटीसुद्धा सोडणार नाही. कागदावर सौ. असेल तर सौ. वाचणार. ती बाई पोळ्याच्या आठ दिवस आधी तापानं गेली. तिला खांदा द्यायला हाच उमराव पुढं होता. पण गाईच्या कानातला पिवळा बिल्ला मोबाईलवर तपासला की जे नाव निघेल ते भोंग्यावर घ्यायचं, असा ठराव होता. मग उमरावच्या मते बाई जिवंत असो की नसो, ठराव म्हणजे ठराव.

जीवनलाल तेव्हा अंगणात दातून चावत उभा होता. शेवटचा 'हॅलो' झाला, भोंगा खरखरून बंद पडला, तरी तो हलला नाही. चार महिने झाले होते. ह्या चार महिन्यांत त्यानं तेरवी केली, धान कापलं, चुरलं, विकलं, मंडईच्या जत्रेला पाहुणे आले त्यांना जेवू घातलं. डोळ्यातून टिपूस नाही. गाव म्हणायचं, जीवनलाल मोठा धट्टा माणूस. धट्टा कसला! त्याच्या आत काही होतंच नव्हतं. भाजीत मीठ कमी की जास्त, ते कळत नव्हतं. थंडी पडली तेव्हा तिलकनं, म्हणजे पोरानं, कुडव्याहून फोन करून विचारलं, "बाबा, स्वेटर घातला का?" तेव्हा त्याला कळलं की थंडी आहे.

आणि आज त्याला भूक लागली. त्याची त्यालाच लाज वाटली. पण लागली, पोटात खड्डा पडल्यासारखी. तो चुलीपाशी जाऊन बसला, रात्रीचा शिळा भात ताटलीत घेतला, वर मिरचीचा ठेचा घेतला आणि भाताचा अख्खा गंज रिकामा केला. ठेचा तिखट होता. डोळ्यात पाणी आलं ते तिखटाचं होतं.

मग शर्ट घालून तो कोंडवाड्याकडं निघाला.

इथं ती भोंग्याची भानगड सांगायलाच पाहिजे. चिचटोल्यात मोकाट जनावरांनी लोकांच्या नाकी नऊ आणले होते. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकावे आणि सकाळी पाहावं तर निम्मे साफ. कोंडवाड्यात जनावर टाकलं तर मालक येतच नसे. आला तरी दुरूनच पाहून म्हणे, "हे जनावर माहं नोहे." दंडाचा आकडा वाढवून पाहिला, काही फरक नाही. शेवटी सरपंच सावित्रीबाईंनी ग्रामसभेत ठराव घेतला: कानातल्या बिल्ल्यावर जे नाव असेल ते सकाळी सातला भोंग्यावर, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. अन् काय सांगावं, पंधरा दिवसांत अर्धी जनावरं खुट्याला बांधली गेली. पैशाला न भिणारी माणसं नावाला भ्यायली.

काजरी मात्र भ्यायली नाही. काजरी म्हणजे ही गाय. पांढरी, डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या. खाली मुंडी आणि पाताळ धुंडी! दिवसभर अशी गरीब उभी राहील की पाहणाऱ्याला दया यावी, आणि नजर चुकली की शिंगानं फाटकाची कडी वर करून चालती. भूमेश्वरीनं तिला दवनीवाड्याहून, माहेरून, कालवड असताना आणली होती. बिल्ला मारणारे आले तेव्हा जीवनलाल शेतावर, धानाच्या बांधीत होता. साहेबानं विचारलं, मालकाचं नाव काय? बाईनं ट्रंकेतून स्वतःचं आधार कार्ड काढून पुढं ठेवलं.

संध्याकाळी जीवनलाल चिडला होता. "माहं नाव काऊन नाही देलं?"

"दूध कोन काढते? शेन कोन काढते?" ती म्हणाली. "तुमी तं तिले एक दिवस पानी नाही दाखवलं. मालक कायचे?"

मागच्या वर्षी तिचं नाव पहिल्यांदा भोंग्यावर आलं, तेव्हा ती अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. सूप तसंच धरून राहिली. जीवनलाल लालेलाल झाला. इज्जत गेली, गावात तोंड दाखवायची सोय नाही राहिली, वगैरे वगैरे. तिनं त्याचं सगळं बोलून होऊ दिलं आणि विचारलं, "पुऱ्या गावानं ऐकलं असन नाही?"

"ऐकलं नाही तं काय! भोंगा हाय तो!"

"गावाबाहेर टोलीवर पन?"

"टोलीवर पन."

ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली, तांदूळ सांडले. "चवतीस वर्षं झाली या गावात येऊन," ती म्हणाली. "कोनाच्या तोंडून माहं नाव ऐकलं नोयतं. माह्या बापानं किती हौसेनं ठेवलं होतं. तुमी तं कधी घेतलंच नाही."

खोटं नव्हतं. सासरी आली तेव्हापासून गावासाठी ती 'दवनीवाडावाली'. पुढं 'तिलकची माय'. आणि जीवनलालसाठी 'अवो'. ह्या गावात बाईचं नाव आधार कार्डात असतं आणि मतदार यादीत असतं, तोंडात नसतं. लग्नात बायांनी त्याला नाव घ्यायला लावलं होतं तर गडी मांडवातून उठून पळाला होता. त्यावर त्याला मेव्हण्यांनी किती चिडवलं! नंतर मग राहूनच गेलं. घ्यायची गरज काय पडली? 'अवो' म्हटलं की ती यायची.

कोंडवाड्यात उमराव खाली मान घालून उभा होता. त्यानं कुलूप काढलं.

"भाऊ, माफ करजा," तो म्हणाला. "वयनीचं नाव घ्या लागलं. मोबाईल जे दाखवते तेच मी वाचतो गा. मले पन कसंतरी झालं."

"मोठ्यानं वाचलं तू," जीवनलाल म्हणाला.

"हौ नं. चुकलं."

"नाही. बराबर वाचलं."

उमरावला त्याचा अर्थ कळला नाही. दंडाची पावती फाडली, काजरीला सोडलं. नंदलाल बोपचे आपले पऱ्हे दाखवायला सोबत आला आणि रस्ताभर बोलत राहिला. त्याचंही बरोबरच होतं बिचाऱ्याचं, बोट बोट उगवलेले पऱ्हे होते. बोलता बोलता म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही या गाईची!" आणि म्हटल्यावर त्यानं जीभ चावली. उचलली जीभ लावली टाळ्याला! जीवनलालनं ऐकलंही नव्हतं. त्याच्या कानात अजून भोंगा चालू होता.

दुपारपर्यंत तो आवाज गेला. संध्याकाळी वरण केलं, त्याला चव नव्हती.

पुढचे आठ दिवस तसेच गेले. सकाळी सातला भोंगा वाजायचा. पाणीपट्टी भरा, राशन आलं, अमक्याच्या शेळ्या, तमक्याची म्हैस. जीवनलाल अंगणात उभा राहून सगळं शेवटपर्यंत ऐकायचा. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यानं काजरीचं दावं खुट्याला बांधलं. बांधताना गाठीचा दुसरा वेढा घेतला नाही. मुद्दाम घेतला नाही की विसरला? त्याला विचारलं असतं तर त्यानं विसरलो म्हटलं असतं, आणि ते खोटं आहे असं त्याला स्वतःलाही वाटलं नसतं.

सकाळी भोंग्यानं पुकारलं: "सौ. भूमेश्वरी जीवनलाल पटले, राहणार चिचटोला..."

त्या दिवशी तो दोन वेळा जेवला. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालेलं त्याला कळलं.

पण ह्या वेळी कोंडवाड्यावर सरपंच सावित्रीबाई स्वतः आल्या होत्या. सोबत नंदलाल, हातात उपटलेल्या पऱ्ह्यांची मूठ.

"जीवनलालभाऊ, दिवाळीनंतरच्या सभेत तुमी होते का नाही?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"होतो." तो होता. सतरंजीवर बसला होता. काय चाललं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"मंग नवा ठराव ऐकला असन. एका मालकाचं जनावर तिसऱ्या डाव सापडलं, तं दंड नाही, सरळ हर्रास. बोली लावून इकून टाकाचं. दिवाळीपासून हा तुमचा दुसरा डाव. मले माहीत हाय ते जनावर कोनाचं होतं. म्हनून सांगून राहिली, नीट बांधा."

"लाज नाही का गा तुले?" नंदलाल मधेच उसळला. "मेलेल्या बाईचं नाव गावभर करून राहिला! तिनं कधी कोनाची काडी घेतली नाही!"

जीवनलालनं काजरीचं दावं हाताला गुंडाळलं आणि निघाला. मागं सावित्रीबाई, नंदलाल आणि उमराव कुजबुजत राहिले. उमराव म्हणत होता, "त्याले काही समजूनच नाही राहिलं हो बाई. आपनच काहीतरी करा लागन."

ते त्यानं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी तिलक आला. कुडव्याहून मोटारसायकलनं, डब्यात बायकोनं केलेल्या वड्या घेऊन. दुपारी उमरावही आला. दोघं कोठ्यात गेले, काजरीच्या कानाजवळ मोबाईल धरून काहीतरी करत बसले. जीवनलाल ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. तिलकनं आवाज दिला, "बाबा, तुमच्या फोनवर आकडे आले असतील, सांगा जरा."

त्यानं फोन डोळ्यांपासून लांब धरला. सहा आकडे होते. एकेक करून त्यानं वाचून दाखवले.

"झालं," उमराव म्हणाला. जाताना त्यानं जीवनलालच्या खांद्यावर हात ठेवला. "आता काही टेन्शन नाही भाऊ." कशाचं टेन्शन, हे जीवनलालनं विचारलं नाही. चार महिन्यांत त्यानं कोणालाच काही विचारलं नव्हतं. जो जे सांगेल तिथं तो सही करत होता, अंगठा लावत होता, आकडे वाचत होता.

त्यानंतर त्यानं काजरीला दोन दोरांनी बांधलं. फाटकाच्या कडीला वरून तार गुंडाळली. एवढं त्याला पक्कं कळलं होतं की आता सुटली तर गेली. कोण्या कुठल्या बाजारवाल्यानं बोली लावायची आणि गाडीत चढवून न्यायची. ती तिची गाय होती. ताप भरलेला असतानाही तिनं विचारलं होतं, "काजरीले पानी दाखवलं का?" आता दिवसातून तीनदा पाणी तोच दाखवत होता.

आणि दोन दोरांनी बांधली म्हणजे ते नाव पुन्हा कधीच येणार नाही, हेही त्याला कळलं होतं.

सतरा दिवस गेले. जिभेची चव पुन्हा मेली. भात म्हणजे नुसतं गिळायचं काहीतरी. एकदा आंघोळीला बसला आणि तांब्या हातात धरून पाणी निवेपर्यंत बसून राहिला. त्याला भीती वाटायला लागली, आणि ती एकच गोष्ट त्याला नीट वाटत होती. भीती ही, की ते नाव आता कोणी घेणारच नाही. तिलक 'माय' म्हणतो. गाव दवनीवाडावाली म्हणतं, तेही आता कमीच. उद्या नातू झाला, तर आजीचं नाव काय म्हणून कोण सांगणार?

एका संध्याकाळी कोठ्यात दिवा लावला आणि त्यानं स्वतःच घेऊन पाहायचं ठरवलं. आजूबाजूला पाहिलं. घसा खाकरला. "भू..." म्हणाला आणि थांबला. कान गरम झाले. साठ वर्षांचा माणूस, बायको मेलेली, कोठ्यात गाईशिवाय काळं कुत्रं नाही, तरी त्याची जीभ वळेना. लग्नाच्या मांडवात वळली नव्हती तशीच. काजरी रवंथ करत त्याच्याकडं पाहत होती.

"अवो," तो म्हणाला. तेवढंच आलं.

मग त्यानं दोन्ही दोर सोडले आणि फाटकाची तार काढली.

हे चूकच होतं. त्यालाही ठाऊक होतं. एकदा नाव ऐकायचं आणि तिची गाय घालवायची, हा कोणता हिशेब? पण उपाशी माणसापुढं ताट ठेवून उद्याचं काय म्हणून विचारलं तर तो काय सांगेल? काजरी फाटकातून निघाली. त्यानं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि आत जाऊन पडला.

सकाळी सहालाच तो अंगणात होता. आंघोळ केलेली, धुतलेला पांढरा शर्ट घातलेला. खुर्ची आणून भोंग्याच्या दिशेला तोंड करून बसला. हा शेवटचा डाव, नीट ऐकायचा, मधे कोणाशी बोलायचं नाही. चुलीवर भात शिजत ठेवला होता, कारण भूक लागणार होती.

सात वाजले. भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो. समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, श्री. जीवनलाल टिकाराम पटले, राहणार चिचटोला, यांच्या मालकीची गाय..."

तो ऐकत राहिला. पुढं नाव येईल म्हणून शेवटपर्यंत ऐकत राहिला. 'आपले जनावर घेऊन जावे' झालं, 'हॅलो' झालं, भोंगा बंद झाला.

पंचायतीत तो पोचला तेव्हा उमराव, सावित्रीबाई आणि नंदलाल तिघं त्याचीच वाट पाहत होते. आणि तिघांच्या तोंडावर हसू! त्याला आधी वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो.

"हे काय पुकारलं तू?" त्यानं उमरावला विचारलं.

"मंग!" उमराव खूश होता. "त्या रविवारी केलं नं गा आमी. बिल्ला तुमच्या नावावर करून टाकला. तुमीच तं आकडे सांगतले. दरवेळी वयनीचं नाव निंगे अन् तुमचं तोंड असं होये, पाहवत नोयतं बापा. तिलक पन म्हने, करून टाका, बाबाले तरास नोको."

"आनखी आयका," सावित्रीबाई म्हणाल्या. "मालक नवीन, तं मोजनी नवीन. ठरावात एका मालकाचं लिवलं हाय. वयनीचे दोन डाव वयनीसोबत गेले. तुमचा हा पहिला. हर्रास नाही, काही नाही. दंड भरा अन् गाय घेऊन जा."

नंदलालनंसुद्धा मान डोलावली. "मी पन काही बोलत नाही," तो म्हणाला. "पऱ्हे पुन्हा टाकतो. तुही दशा पाहून राहिलो मी."

एवढं चांगलं गाव! भांडणारा शेजारी पाघळला, कायदा वाकला, पोरानं बापाची काळजी घेतली, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या हातून तेवढं एक काढून घेतलं. कोणावर रागावणार? आकडे तर त्यानंच वाचले होते, एकेक करून, फोन लांब धरून.

"पुन्हा तिच्या नावावर होते का?" त्यानं विचारलं.

उमराव गोंधळला. "मेलेल्या मानसाच्या नावावर कसं होईन भाऊ? सही कोन करन?" मग जरा थांबून म्हणाला, "अन् केलं समजा, तं हा तिसरा डाव होते. गाय जाईन."

जीवनलालनं रजिस्टरवर सही केली. मालक या शब्दापुढं स्वतःचं नाव लिहिलं. पावती खिशात घातली, काजरीचं दावं हातात घेतलं आणि घरी आला. वाटेत दोघातिघांनी रामराम केला, त्यानंही केला.

कोठ्यात आणून त्यानं तिला खुट्याला बांधलं, गाठीला दुसरा वेढा घेऊन, घट्ट. पाणी दाखवलं. घरात भात करपल्याचा वास येत होता. तो आत गेला नाही. तिथंच खुट्यापाशी उभा राहिला. काजरी गेली नव्हती, दंडही फार नव्हता, गावात इज्जतही राहिली होती. आणि आता ते नाव पुकारणारं कोणीच नव्हतं.

त्यानं घसा खाकरला. दोन्ही हात शर्टाच्या बाजूला सरळ ठेवले, शाळेतल्या पोरासारखे.

"हॅलो," तो म्हणाला. "हॅलो. समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की..." आवाज फाटला. त्यानं पुन्हा सुरू केलं, आणि उमरावच्याच चालीत, उमरावच्याच ठिकाणी थांबत, त्याच्या तोंडून ते निघालं. "सौ. भूमेश्वरी जीवनलाल पटले, राहणार चिचटोला, यांच्या मालकीची गाय..."

दुसरी कोणती चाल त्याला येतच नव्हती. पस्तीस वर्षांत त्यानं ते नाव फक्त असंच ऐकलं होतं. कुंपणापलीकडं नंदलाल पऱ्ह्याच्या वाफ्याला पाणी द्यायला निघाला होता. त्यानं कोठ्यातला आवाज ऐकला, पायातली चप्पल हातात घेतली आणि आल्या वाटेनं परत फिरला.

जीवनलालच्या गालावरून पाणी वाहत होतं. ह्या वेळी ठेचा नव्हता. पण त्यानं मधे सोडलं नाही, कागदावर असल्यासारखं शेवटपर्यंत म्हटलं.

"सदर गाय घरी जमा आहे. मालकाने स्वतः येऊन आपले जनावर घेऊन जावे."

मग तो फाटकाकडं पाहत उभा राहिला. काजरीनंही रवंथ थांबवून तिकडंच मान केली.